आधी विष काढायचं, मग लोखंड

बाबांची मारुती ८०० आम्ही गेल्या हिवाळ्यात रीतसर मोडीत काढली. रीतसर म्हणजे सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात, कागद करून, प्रमाणपत्र घेऊन. एवढ्या उठाठेवीची गरज काय, कबाड्याला देऊन मोकळं व्हा, असं घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जुन्या गाडीच्या पोटात काय काय भरलेलं असतं हे पुस्तकातून माहीत होतं. ते एकेक करून बाहेर निघताना मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांना ते सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी २००६ सालची, एमएच ३१ पासिंगची. मुंबई-पुण्यात तेव्हा बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठीचं सरकारी मानक) आलं होतं, पण नागपुरात बीएस-२ च्याच गाड्या विकल्या जात होत्या. बीएस-२ च्या पेट्रोल कारला किलोमीटरमागे २.२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून वर अर्धा ग्रॅम. आज बीएस-६ मध्ये हेच आकडे १ ग्रॅम आणि ०.१६ ग्रॅम आहेत. ही झाली कोऱ्या गाडीची मर्यादा. इंजिन झिजत जातं तसा धूर वाढतो, आणि बाबांची गाडी तर शाळा, दवाखाना, भाजीबाजार करत वर्षानुवर्षं सिग्नलवर थांबत चाललेली.

२०२१ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली. पर्यावरण कर भरला, ६०० रुपये फी भरली आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची हीच फी ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा दर आला, कारला १०,००० आणि मोटरसायकलला २,०००. म्हणजे आमच्या गाडीला २०२६ मध्ये दहा हजार लागणार होते. शिवाय कर, विमा, नवी नंबर प्लेट. आणि गाडी तर जागची हलतही नव्हती.

कारण मधे २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट होऊन गेली होती. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या गल्लीत ते बोनेटच्या वर चढलं होतं. मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिलं आणि जो खर्च सांगितला तो गाडीच्या किमतीहून जास्त. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे तिकडूनही काही मिळायचं नव्हतं. गाडी अंगणात लागली ती लागलीच.

बाबांना ती काढायची नव्हती. "उभी आहे बेटा, तिला काय खायला घालतो आपण?" म्हणायचे. मी वाद घातला नाही, त्यांना गाडीखाली वाकून पाहायला सांगितलं. इंजिनच्या खालच्या फरशीवर परातीएवढा काळा डाग पडला होता. दर पावसात त्याच्या कडेने इंद्रधनुषी तवंग सुटायचा आणि अंगणाच्या नालीतून बाहेर जायचा. आमची नाली नाल्यात जाते, नाला नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. गोसीखुर्दमध्ये नागपूरची घाण येते म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरड ऐकतो. त्या घाणीत आमच्या अंगणातलं तेलही होतं. शिवाय डिकीच्या कडेला साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि डेंग्यूच्या दिवसांत नागपूरकरांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पहिल्यांदा घरी आला तो कबाडीच. गाडीभोवती फिरला, बोनेट उघडून पाहिलं, मग खाली झोपून सायलेन्सरकडे बराच वेळ बघितलं.

"सतरा हजार देतो मॅडम, नगदी. कागद-बिगद काही नाही पाह्यजे."

"आरसी नाही लागत?"

"काऊन लागन? गाडी तर तोडाचीच आहे न."

"आणि बॅटरीतलं ॲसिड, तेल, गॅस? त्याचं काय करता?"

"ते काय, निंगून जाते."

माणूस प्रामाणिक होता. खोटं बोलला नाही, भावही वाईट दिला नाही. पण "निंगून जाते" म्हणजे कुठे जातं ते मला माहीत होतं. ॲसिड मातीत किंवा नालीत. शिसं उघड्या भट्टीत वितळवताना त्याची वाफ आणि धूळ आसपासच्या वस्तीत; लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असं विज्ञानाला आजवर म्हणता आलेलं नाही. वायरींमधलं तांबं काढायला त्या पेटवतात, तेव्हा प्लास्टिकच्या आवरणातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. एसीचा गॅस नळी कापली की फुस्सकन हवेत. आणि यात सगळ्यात आधी आजारी पडतो तो हातमोज्यांशिवाय काम करणारा पोरगा. मला राग त्या कबाड्याचा येत नाही. त्याच्याशिवाय आपल्या शहरातलं निम्मं भंगार रस्त्यावर पडून राहिलं असतं. त्याच्या हातात साधनं दिली जात नाहीत, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. आरसी रद्द न करता गाडी दिली की सरकारदरबारी ती आपल्याच नावावर राहते. तिचा चेसिस नंबर, इंजिन, नंबर प्लेट दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढली आणि अपघात किंवा गुन्हा झाला, तर पोलीस आधी आपल्या दारात येतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाबांना मला त्यात पाडायचं नव्हतं. हे ऐकल्यावर मात्र तेच म्हणाले, "मग कागदानंच करू."

देशात यासाठीची चौकट २०२१ मध्ये आली. त्या वर्षी १३ ऑगस्टला वाहन स्क्रॅपिंग धोरण जाहीर झालं आणि सप्टेंबरात नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम अधिसूचित झाले. धोरणामागचं खातं आपल्याच खासदारांकडे, नितीन गडकरींकडे, त्यामुळे नागपुरात त्याची चर्चा भरपूर झाली. चर्चेच्या मानाने माहिती कमी. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा आजही समज आहे की पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त होते. तसं नाही. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली, हे खरं. खासगी गाडी मात्र आपल्याकडे फिटनेस पास झाली आणि फी भरली की चालवता येते. माझं मतही असंच आहे की धड चालणारी, धूर न सोडणारी गाडी केवळ वयामुळे मोडू नये. नवी गाडी बनवतानाही कोळसा जळतोच. पण जी चालत नाही, ती ठेवून कोणाचंच भलं नाही.

परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदणीकृत केंद्रांची यादी आहे. जवळच्या केंद्राला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, आरसीवर बोजा आहे का?" बोजा होता. कर्ज २००९ मध्येच फिटलं होतं, पण बँकेचं नाव आरसीवरून उतरवायचं राहून गेलं होतं. ज्या शाखेने कर्ज दिलं ती मधल्या काळात दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुनी फाइल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मग वरिष्ठांना मेल, मग आठवणीचा मेल. सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत जास्त वेळ इथे गेला. शेवटी एनओसी आणि फॉर्म ३५ वर बँकेचा शिक्का मिळाला, गिरीपेठच्या आरटीओत बोजा उतरला आणि पुढची वाट मोकळी झाली. ज्यांनी कधीकाळी कर्जावर गाडी घेतली आहे त्यांनी आजच आरसी काढून पाहावी. गाडी विकायची नसली तरी पाहावी.

बाकी कागद सोपे. मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक, बाबांची सही. थकलेलं चालान असेल तर आधी भरून टाकायचं. केंद्र आपल्या बाजूने वाहन पोर्टलवर पाहतं की गाडीवर खटला नाही ना, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत ती चोरीची म्हणून लागलेली नाही ना. हे सगळं स्वच्छ निघालं तरच गाडी घेतात.

भावावर थोडी घासाघीस झाली. केंद्राचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्यानेही सायलेन्सरच निरखून पाहिला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "कन्व्हर्टर मूळचा आहे का ते पाहावं लागते मॅडम. लोकं तो अगोदरच काढून विकतात." कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला, विषारी धूर कमी करणारा डबा. दर वजनावर, किलोमागे बावीस रुपयांच्या आसपास, पुरात भिजलेल्या सीट आणि गंजलेली टाकी म्हणून थोडं कमी केलं. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात, म्हणजे हातात चौदा हजारांहून थोडे कमीच येणार. कबाड्यापेक्षा तीनेक हजारांनी कमी. हे स्पष्ट सांगते, कारण रीतसर केंद्रात जास्त पैसे मिळतात असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तिथला फायदा पुढे दिसतो.

गाडी सपाट ट्रकवर चढवून नेली. मी केंद्रातल्या साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं की मला पाहायचं आहे, विद्यार्थ्यांना शिकवायला उपयोगी पडेल. त्यांनी हेल्मेट दिलं आणि पिवळ्या पट्ट्यामागे उभं राहायला सांगितलं.

मला वाटलं होतं, आत गेल्या गेल्या कटरचा आवाज आणि ठिणग्या. तसं काही नव्हतं. पहिल्या शेडमध्ये कमालीची शांतता होती. जमीन गुळगुळीत काँक्रीटची, मधोमध उतार आणि उताराच्या टोकाला जाळीची नाली, जी बाहेर कुठेही न जाता तेल वेगळं करणाऱ्या टाकीत जाते. तिथला मुख्य मिस्त्री पन्नाशीचा, वर्ध्याकडचा. पूर्वी स्वतः कबाडीचं काम करायचा. त्याने मला एका वाक्यात सगळं सांगितलं: "इथं लोखंडाले हात नंतर लावतो जी आम्ही. पहिले जहर काढतो."

पहिल्यांदा बॅटरी निघाली. दहा किलोच्या आसपासची, त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. ती न फोडता, उभीच, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली. ती पुढे परवानाधारक पुनर्वापर कारखान्यात जाते. शिसं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा दर्जा घटत नाही, म्हणून जुन्या बॅटरीतलं शिसं नव्या बॅटरीत जाऊ शकतं. आवर्तसारणी शिकवताना मी शिशाच्या फक्त विषारीपणाबद्दल बोलायचे, आता हेही सांगते.

मग टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल पंपाने ओढून घेतलं. त्यानंतर गाडी लिफ्टवर वर गेली आणि मिस्त्रीने इंजिनच्या तळाचा नट सैल केला. मी काळ्या तेलाची वाट पाहत होते. सुरुवातीला स्वच्छ पाणी आलं, बरंच आलं. मग दाट, मळकट पिवळसर-तपकिरी लगदा हळूहळू घसरत आला. पुराचं पाणी दोन वर्षं आत अडकून इंजिन ऑइलमध्ये घुसळलं गेलं होतं. वर्गात पायस (इमल्शन) शिकवताना आपण तेल-पाणी परीक्षानळीत हलवून दाखवतो, आणि इथे तेच अडीच-तीन लिटर, वर गंजाची लालसर भुकटी. मिस्त्रीने बोटावर घेऊन दाखवलं. बोट पुसल्यावरही त्याच्या कातडीच्या रेषांमध्ये लाल कण राहिले. खाली जर्मनचं भांडं नव्हतं, बंद झाकणाचं ड्रम होतं, त्यावर तारीख आणि प्रकार लिहिलेला. गिअर ऑइल वेगळ्या ड्रममध्ये, ब्रेक ऑइल वेगळ्या, कूलंट वेगळ्या. एकत्र झालं तर कशाचंच शुद्धीकरण नीट होत नाही.

एसीच्या नळीला एक छोटं यंत्र लावलं. काटा हळूहळू खाली आला. थोडाच गॅस शिल्लक होता, पण तो आर-१३४ए, ज्याचा एक किलो हवेत गेला तर एक हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तापमानवाढ आपल्याला कोणी वेगळी समजावायला नको, आणि हा गॅस हवेत सोडण्याचं तर काहीच कारण नाही.

सायलेन्सरच्या मधला डबा, म्हणजे तोच कन्व्हर्टर, कापला तेव्हा मी पट्ट्यापर्यंत पुढे सरकले. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची बारीक जाळी, हजारो चौकोनी छिद्रांची, आणि त्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा अदृश्य थर. सगळा मिळून काही ग्रॅम. पण हे धातू आपल्या देशात जवळपास सापडतच नाहीत, खाणी मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि रशियात. कबाडी आणि केंद्राचा माणूस, दोघेही तिथेच का पाहत होते ते आता कळलं. नालीशेजारी उभ्या गाडीत सोन्याच्या तोडीचे धातू नुसते पडून असतात.

यानंतर कुठे दुसऱ्या शेडमध्ये तोडणी. टायर, काचा, दिवे, सीट, वायरिंगचा लांबलचक गुंता, रेडिएटर, अल्टरनेटर. प्रत्येकाचा वेगळा ढीग. गिअरबॉक्सचं आवरण आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे. बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं वितळतं. टायरचा भुगा होतो. अडचण आहे ती फोमची आणि मिश्र प्लास्टिकची. त्याचं फारसं काही बनत नाही, बरंचसं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळावं लागतं. पुढची काच दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पापुद्रा, तीही सहज सुटत नाही. या बाबतीत आपल्याकडची यंत्रणा अजून तोकडी आहे.

चेसिस नंबरचा पत्रा कापताना मला बोलावून दाखवला. आरसीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला, फोटो काढला. तो तुकडा केंद्राला काही महिने सांभाळून ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर पुरावा हाताशी राहतो. मग सांगाडा दाबयंत्रात गेला आणि त्याचा गठ्ठा होऊन धर्मकाट्यावर आला.

या गठ्ठ्याचा हिशेब मी घरी बसून केला. छोट्या कारच्या वजनात साधारण दोन तृतीयांश लोखंड-पोलाद असतं, म्हणजे आमच्या गाडीत सव्वाचारशे-साडेचारशे किलो. पोलाद मंत्रालयाने २०१९ मध्ये भंगार पुनर्वापराचं धोरण काढलं त्यात म्हटलं आहे की एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. पाण्याचा वापर ४० टक्क्यांनी आणि हरितगृह वायू ५८ टक्क्यांनी कमी होतात. आमच्या एका गाडीपुरतं बोलायचं तर पावणेपाचशे किलो खनिज आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास कोळसा जमिनीतच राहिला. आपण विदर्भातली माणसं, खाण म्हणजे काय हे आपल्याला नकाशावर शोधावं लागत नाही. सूरजागडला डोंगर फोडून लोहखनिज निघतं, मनसरला मँगनीज, उमरेड-सावनेरला कोळसा. त्यातही उमरेडचा कोळसा वीजघरांच्या कामाचा. पोलादाच्या झोतभट्टीला लागणारा कोकिंग कोळसा देशाला बहुतांश परदेशातून आणावा लागतो. म्हणजे दर गाडीमागे परकीय चलनही वाचतं.

भंगाराचंही तेच. त्याच धोरणात नोंद आहे की देशातून अडीच कोटी टन भंगार मिळत होतं आणि आणखी सत्तर लाख टन बाहेरून आणावं लागत होतं. आपल्या अंगणांत, पोलीस ठाण्यांच्या आवारांत, पुलांखाली गाड्या गंजत उभ्या, आणि आपल्याच भट्ट्यांसाठी दुसऱ्या देशांच्या मोडक्या गाड्यांचं लोखंड जहाजाने येतं. केंद्रातून गठ्ठे कुठे जातात म्हणून विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "जास्तीत जास्त जालन्याले." जालन्याच्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न वितळवूनच सळई बनवतात. समृद्धी महामार्गावरून ट्रक निघाला की काही तासांत पोचतो. त्या भट्ट्या विजेवर चालतात आणि ती वीज बरीचशी कोळशाचीच असते, हे मी विसरत नाही. तरीही खनिजापासून सुरुवात करण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी हलका आहे.

आणि रोजगार. त्या शेडमधल्या कामगारांना हातमोजे होते, बूट होते, महिन्याचा पगार होता. मिस्त्रीला मी विचारलं, आधीच्या कामात आणि यात फरक काय. तो म्हणाला, "खोकला गेला." केंद्रं वाढली तर त्याच्यासारखी कुशल माणसं आत आली पाहिजेत. गाडी कशी उघडायची हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांना बाहेर ठेवून नुसती यंत्रं आणली तर आपण मोठा अन्याय करू.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियम अधिसूचित केले, ते १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. त्यांनुसार गाडी बनवणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी आली आहे की तिने विकलेल्या जुन्या गाड्यांमधलं ठरावीक पोलाद परत वापरात आलं पाहिजे. सुरुवातीची पाच वर्षं प्रमाण किमान ८ टक्के, पुढे १३, मग १८. त्यासाठी कंपन्या स्क्रॅपिंग केंद्रांकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. म्हणजे केंद्राला लोखंडाखेरीज आणखी एक उत्पन्न सुरू झालं. माझी अपेक्षा अशी की यातला वाटा गाडीमालकाच्या भावात उतरावा. कबाडी आणि केंद्र यांच्यातलं ते तीन हजारांचं अंतर मिटलं, तर लोकांना वेगळं पटवून द्यायची गरजच पडणार नाही.

बाबांच्या खात्यात पैसे थेट आले आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी केंद्रात जमा केल्याचा दाखला, ऑनलाइन मिळालं. तोडणी पूर्ण झाल्यावर स्क्रॅपिंगचं दुसरं प्रमाणपत्र आलं आणि वाहन पोर्टलवर गाडीची नोंदणी रद्द दिसू लागली. पहिलं प्रमाणपत्र नीट जपा, कारण तीन हजारांची भरपाई तिथून होते. ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते. वाहन करातही सूट मिळते. खासगी गाडीसाठी केंद्र सरकारने कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, नेमका आकडा राज्य ठरवतं. सहा लाखांच्या पेट्रोल कारवर आपल्या राज्यात ११ टक्क्यांनी ६६ हजार कर बसतो. त्यात पंधरा टक्के सूट धरली तरी ९,९०० रुपये वाचतात. कंपन्यांनीही २०२४ मध्ये किमतीच्या दीड टक्का किंवा २० हजार, यांतलं जे कमी असेल तेवढी सवलत मर्यादित काळासाठी जाहीर केली होती. घेताना शोरूममध्ये असं काही चालू आहे का ते विचारावं. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल आणि तिला करमाफीच असेल, तर करातली सूट वाया जाते. अशा वेळी हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं, पण त्याला मुदत असते, ती पाहून ठेवा.

आम्ही नवी गाडी घेतलेली नाही. बाबांना आता दवाखान्याखेरीज कुठे जायचं नसतं आणि मला कॉलेजला मेट्रो पुरते. माझ्या धाकट्या भावाला गाडी घ्यायची आहे, प्रमाणपत्र त्याच्या नावे करायचं ठरलं आहे. जाता जाता दोन कामं करायची राहू नयेत म्हणून सांगते. विमा कंपनीला स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र पाठवून पॉलिसी रद्द करून घ्या, मुदत उरली असेल तर हप्त्यातला काही भाग परत मिळतो का ते विचारा. आणि फास्टॅग बंद करा, त्यात पडून असलेली रक्कम बँक खात्यावर परत घेता येते.